अडलेली वाट म्हणजे देवाचा नकार नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या वाचकपत्रांत नुकतेच दत्तकाविषयी एक पत्र प्रसिद्ध झाले. जी कुटुंबे मिशन कार्यासाठी आज इथे तर उद्या तिथे राहतात त्यांच्या घराला स्थैर्य नसते, म्हणून अशा घरात दत्तक मूल देऊ नये, असे त्या पत्रलेखकांचे म्हणणे होते. शेवटी त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. या लोकांना खरोखरच देवाने बोलावले असते, तर त्यांच्या वाटेत इतकी विघ्ने का आली असती? पत्राचा सूर सभ्य होता आणि प्रश्न मनापासून विचारलेले दिसले, म्हणून तितक्याच मनापासून उत्तर द्यावेसे वाटले. आम्ही दापोली तालुक्यातील ख्रिस्ती कुटुंब आहोत. मी परिचारिका, माझे यजमान शिक्षक आणि सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणारे, आणि मुलगा इथल्याच शाळेत शिकतो. दत्तक आणि मिशन कार्य या दोन्ही वाटांवर आम्ही काही वर्षे चालत आहोत, दोन्हीकडे अडलो आहोत, आणि दत्तक मूल अजून आमच्या घरी आलेले नाही. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते वाट पाहत असतानाच लिहिलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आधी कायद्याचे सांगते, कारण ख्रिस्ती कुटुंबांत दत्तक हा विषय इतक्या उशिरा का रुजला ते त्यावाचून कळणार नाही. 1956 च्या कायद्याने हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी दत्तकाची रीतसर तरतूद केली. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी आणि ज्यू यांच्यासाठी मात्र इंग्रजांच्या काळातला 1890 चा पालक व पाल्य कायदा तेवढा होता. त्या कायद्याखाली मूल घरी आणले, वाढवले, शिकवले तरी कागदावर आईबाप होता येत नसे; फक्त पालक होता येई, आणि मूल सज्ञान झाले की ते पालकत्वही संपे. वारसा द्यायचा तर मृत्युपत्र करून ठेवावे लागे. सर्व धर्मीयांना लागू होईल असे दत्तक विधेयक 1972 मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते, पण विरोधामुळे ते पुढे मागे घेण्यात आले. बाल न्याय कायद्यात 2006 मध्ये झालेल्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, आणि 19 फेब्रुवारी 2014 रोजी शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याने मूल दत्तक घेता येते. आज 2015 चा बाल न्याय कायदा लागू आहे आणि त्याखाली दत्तक आलेले मूल सर्व अर्थांनी त्या घरचे होते.

आधीच्या पिढ्यांत कोकणातल्या ख्रिस्ती घरांत पोरकी मुले वाढली नाहीत असे नाही. मागे राहिलेला भाचा, बहिणीची लेक, तापाने आई गेलेले शेजारचे लेकरू अशी मुले कित्येक घरांत वाढली. पण शाळेच्या दाखल्यावर एक नाव, घरात हाक मारायला दुसरे, आणि जमिनीची वाटणी निघाली की चुलत्यांनी त्याच्याकडे बोट दाखवायचे, ही वेदना त्यांच्या वाट्याला आली. अशी वाढलेली एक वृद्ध बाई आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजात, आहे. स्वतःला ‘त्यांच्याकडे राहिलेली’ असे म्हणायची तिची सवय अजून गेलेली नाही. ज्यांनी तिला आईबापाची माया दिली त्यांना कायद्याने तिचे आईबाप म्हणवून घेता आले नाही, याचे मला फार वाईट वाटते. कायदेशीर दत्तकाचा आग्रह आम्ही धरला त्यामागे हेही एक कारण होते.

आम्ही 2020 च्या जानेवारीत केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे लोक ज्याला नुसते ‘कारा’ म्हणतात त्याच्या, संकेतस्थळावर नोंदणी केली. नोंदणीनंतर समाजसेविका घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतात. घर, उत्पन्न, आरोग्य, पती-पत्नीचे नाते, घरातल्या मोठ्या मुलाचे मन, सगळे त्यात येते. ही भेट ठरली आणि टाळेबंदी लागली. टाळेबंदी सैल होते आहे असे वाटत असतानाच 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. हर्णै, आंजर्ले, केळशी, मुरूड या पट्ट्यात त्या दिवशी काय झाले ते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या, आणि कित्येक गावांत वीज यायला आठवड्यांमागून आठवडे गेले. आमच्या घराची अर्ध्याहून अधिक कौले गेली. येणाऱ्या मुलासाठी म्हणून माझ्या यजमानांनी स्वतःच्या हाताने पांढरी केलेली खोली होती. तिच्या भिंतीतून पाणी झिरपून जांभ्याचे लाल ओघळ थेट फरशीपर्यंत उतरले. छपरावर ताडपत्री टाकून राहणाऱ्या घरात गृहभेटीसाठी कोणाला बोलावणार? पुन्हा कौले चढली, भिंती वाळल्या, तेव्हा कुठे ती भेट झाली.

त्याच काळात दुसरी एक वाट आमच्यापुढे आली होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. एका ओळखीच्या माणसाने सुचवले की एवढ्या कागदांच्या मागे लागू नका, अमुक ठिकाणी एक बाळंतीण आहे, तिला मूल नको आहे, थोडा खर्च केला तर परस्पर होऊन जाईल. असे निरोप कोकणात, आणि केवळ कोकणात नव्हे, पुष्कळ जोडप्यांना येतात. मूल विकणे किंवा विकत घेणे हा बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड होऊ शकतो. ठरलेली प्रक्रिया डावलून परस्पर मूल घेणे-देणे हासुद्धा वेगळा गुन्हा आहे. पण आम्ही नकार दिला तो केवळ शिक्षेच्या भीतीने नव्हे. मूल सोपवणाऱ्या आईला कायद्याने फेरविचारासाठी दोन महिने दिलेले आहेत. तिला बालकल्याण समितीसमोर बोलता येते, आणि मन बदलले तर मूल परत घेता येते. परस्पर व्यवहारात तिचा हा हक्क पहिल्याच दिवशी बुडतो. देवाने मूल द्यावे अशी प्रार्थना करायची आणि त्यासाठी एका गरीब बाईचे रडणे ऐकू येऊ नये अशी व्यवस्था करायची, हे कोणत्याही विश्वासात बसत नाही. आमच्याच लोकांपैकी काहींनी त्या वेळी ‘देवाने दार उघडले होते, तुम्ही ते लावले’ असे म्हटले. प्रत्येक उघडे दार देवानेच उघडलेले असते असे मानायला मी तयार नाही.

आता पाचारणाविषयी. माझ्या यजमानांना तरुणपणापासून डोंगराळ भागातल्या मुलांमध्ये काम करण्याची ओढ होती. आमच्या मंडळीत याला पाचारण म्हणतात. एखादे काम मनातून जात नाही, प्रार्थनेत पुन्हा पुन्हा येते, आणि जाणते लोक ते पारखून घेतात, तेव्हाच तो शब्द वापरावा असा आमच्या वडीलधाऱ्यांचा दंडक आहे. 2022 मध्ये सातपुड्यातल्या धडगाव भागातील एका लहान वसतिगृहासाठी बोलावणे आले. तिथे शिक्षक हवा होता आणि परिचारिकाही हवी होती. पत्ता बदलला की दत्तकाच्या कागदांचे काय होईल हे आम्ही आधीच विचारून घेतले, नवा पत्ता कळवला, आणि गेलो. तिथली माणसे, तिथल्या मुलांची शिकण्याची भूक, पावसाळ्यात ओढा ओलांडून येणाऱ्या तापकरी बायका, यांवर एक वेगळे पत्र लिहावे लागेल. इथे एवढेच सांगते, की आमचा मुलगा तिथे पावरी बोलायला शिकला आणि मी बाळंतपणे करायला नव्याने शिकले.

आम्ही राहत होतो त्या पाड्यावर मोबाइलला रेंज नव्हती. ती मिळे वरच्या टेकडीवर, एका मोहाच्या झाडापाशी; सगळा पाडा आपापले फोन घेऊन तिथेच जाई. 2023 च्या पावसाळ्यात सलग झड लागली, वाट निसरडी झाली आणि काही दिवस वर कोणीच गेले नाही. दत्तक प्रक्रियेत आपला क्रम आला की मुलाची माहिती दाखवली जाते आणि ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायला 48 तास मिळतात. यजमान वर जाऊन आले तोवर संदेश येऊन पडला होता आणि मुदत उलटून गेली होती. तीन वर्षांहून अधिक वाट पाहिल्यावर आलेले ते पहिले बोलावणे होते.

ज्या पत्राला मी उत्तर देत आहे त्यातला प्रश्न त्या दिवशी आमच्याही घरात होता, आणि अधिक धारदार होता. आम्ही आळशीपणाने कुठे हिंडायला गेलो नव्हतो. देवाने सांगितले असे समजून गेलो होतो, आणि नेमके तिथे गेल्यामुळेच मूल हातचे गेले. एका आज्ञापालनाने दुसरे खाऊन टाकले, असे मला वाटले. आम्ही दोघे बोलत असताना मुलाने विचारले, ‘मग ते बाळ आता कुठे जाणार?’ त्याला समजावताना मी म्हटले की यादीत आपल्या पुढचे जे आईबाबा आहेत त्यांना ते दाखवतील. ‘म्हणजे त्याला घर मिळणार ना?’ तो म्हणाला, आणि खेळायला गेला.

मुलाच्या त्या एका प्रश्नाने माझ्या विश्वासाची जागा बदलली. आम्ही वर्षानुवर्षे प्रार्थना करीत होतो की हे देवा, घर नसलेल्या एका लेकराला घर दे. ती प्रार्थना त्या दिवशी फेटाळली गेली नव्हती. ते बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी कुशीत गेले असणार, आणि ते कुटुंबही आमच्यासारखेच कित्येक वर्षे वाट पाहत बसलेले असणार. नुकसान झाले ते आमचे. बाळाचे काही बिघडले नाही. 2024-25 या वर्षात देशभरात साडेचार हजारांच्या आसपास दत्तक प्रक्रिया पूर्ण झाल्या, आणि नोंदणी करून थांबलेली कुटुंबे त्याच्या कितीतरी पट आहेत. याचा अर्थ असा की निरोगी, लहान बाळासाठी आमचे घर हे एकमेव घर कधीच नव्हते. आमच्यावाचून त्या बाळाचे अडले असते ही कल्पना आमच्या मनाने नकळत धरून ठेवली होती. देव पोरक्यांचा बाप आहे असे तोंडाने म्हणत होतो आणि तो बापपणा केवळ आमच्याच हातून चालेल असे गृहीत धरत होतो. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे शेवटी आपल्यालाच मूल मिळेल याची खात्री बाळगणे, असा अर्थ मी आता करीत नाही. मूल त्याच्या हातात आहे, मग ते माझ्या हातात येवो अथवा न येवो, इतपत माझा भरवसा पोचला आहे, आणि तिथे टिकून राहायला रोज प्रार्थना लागते.

अशा वेळी मंडळीतले लोक धीर देतात तो कसा, याविषयीही थोडे लिहायला हवे. बहुतेक जण बायबलमधल्या हन्नाची आणि सारेची गोष्ट सांगतात. थांबा, देव देईल, शमुवेल दिला, इसहाक दिला. सांगणाऱ्यांची माया खरी असते. पण त्या गोष्टी पोटी मूल होण्याच्या आहेत, आणि त्या सांगताना दत्तक हा जणू तोवरचा आधार आहे असे सुचवले जाते. आम्हाला तर एक मूल आहेच. आम्ही रिकामी जागा भरायला निघालेलो नाही. मला त्यापेक्षा मर्दखयाची आठवण होते, ज्याने आईबाप नसलेल्या एस्तेरला मुलगी म्हणून वाढवले, आणि येशूला वाढवणाऱ्या योसेफाची, ज्याने आपल्या रक्ताचा नसलेला पुत्र स्वतःचा म्हणून सांभाळला. आपण देवाचे दत्तक झालो आहोत असे प्रेषित पौल विश्वासणाऱ्यांना लिहितो. ज्या समाजाच्या श्रद्धेच्या गाभ्यातच दत्तक आहे, त्या समाजात ‘स्वतःचे असताना दुसऱ्याचे कशाला’ हा प्रश्न उपासनेनंतर अंगणात उभे राहून विचारला जावा, याची खंत वाटते.

विघ्नांच्या प्रश्नालाही पौलाच्याच प्रवासात उत्तर आहे. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तो आणि त्याचे सोबती आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायला निघाले तर त्यांना मनाई झाली. बिथुनियाकडे वळू पाहिले तर तीही वाट बंद झाली. का, ते तिथे सांगितलेले नाही. दोनदा अडवला गेलेला हा माणूस त्रोवस बंदरात येऊन थांबतो आणि तिथे त्याला ‘इकडे येऊन आम्हाला मदत कर’ असे विनवणाऱ्या मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत होतो. पाचारण खोटे होते म्हणून वाट अडली, असा निष्कर्ष त्याने पहिल्या मनाईनंतर काढला असता, तर तो त्रोवसपर्यंत पोचलाच नसता. आमच्या या किनाऱ्यावरचीच गोष्ट पाहायची तर स्कॉटलंडहून आलेले मिशनरी डोनाल्ड मिचेल 1823 मध्ये बाणकोटला कामासाठी आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्या मागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै इथे शाळा चालवल्या, आणि जॉन व मार्गारेट विल्सन 1829 मध्ये मुंबईत उतरल्यावर मराठी शिकायला हर्णैलाच येऊन राहिले. मिचेल यांना देवाने बोलावले नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

परक्या देशातून आलेल्यांचीच उदाहरणे दिली असे कोणी म्हणू नये म्हणून आपल्याही माणसांकडे पाहू. आमच्याच जिल्ह्यातील करजगावी 1861 मध्ये जन्मलेले नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला होता. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या आणि त्या दोघांच्या घरात पोटच्या लेकरांबरोबर पोरकी मुलेही वाढली. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुलींना आपल्या आश्रयाला आणले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1874 मध्ये एका विधवेचे मूल, यशवंत, दत्तक घेतले, त्याच सुमारास म्हणजे 1875 मध्ये पंढरपुरात टाकलेल्या बालकांसाठी आश्रम निघाला. परक्याच्या पोराला आपले म्हणणे ही महाराष्ट्राला कोणा एका धर्माने शिकवलेली गोष्ट नाही. या सर्वांनी ती लोकनिंदा सोसून केली, आणि यांपैकी कोणाचेही आयुष्य आजच्या अर्थाने ‘स्थिर’ नव्हते.

तरीही स्थैर्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही, कारण तो मुलाच्या बाजूने विचारलेला मुद्दा आहे. नियमांना अपेक्षित आहे ते हे, की पती-पत्नी शरीराने, मनाने आणि पैशाने मूल सांभाळायला समर्थ असावीत, त्यांचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे आणि दोघांची दत्तकाला संमती असावी. स्वतःच्या मालकीचे घर असलेच पाहिजे किंवा उत्पन्न अमुक इतके असलेच पाहिजे अशी अट नाही. आमच्या गृहभेटीत समाजसेविकेने यजमानांना विचारले होते की मानधनावर चालणाऱ्या घरात मूल आजारी पडले तर काय कराल, आणि तिने माझ्या नोकरीचे, विम्याचे, बचतीचे कागद नीट तपासले. तसेच तपासायला हवे. मूल आल्यानंतरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाहणी होते, मग कुटुंब दापोलीत असो वा धडगावात. लष्करातले जवान, बँकेतले अधिकारी, पोलीस, वनरक्षक यांच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात आणि त्यांच्या घरांतली मुले सुखाने वाढतात. मूल घर ओळखते ते माणसांवरून. मात्र मिशन कार्यात असलेल्या कुटुंबांना एक गोष्ट मी आवर्जून सांगते: मूल घरी आल्यावरचा सुरुवातीचा काळ हा त्या मुलाचा आहे. त्या काळात नवे क्षेत्र, नवी भाषा, नवा दौरा स्वीकारू नये, आणि कामाने ओढून नेले तर पाचारणाच्या नावाखाली आपण मुलाला दुसऱ्यांदा पोरके करीत नाही ना, हे आधी पाहावे. आमच्या घरात हे ठरलेले आहे आणि आमच्या पाळकसाहेबांनाही ते सांगितलेले आहे.

पत्रलेखकांनी उघडपणे लिहिले नाही, पण अनेकांच्या मनात असते, ती शंका धर्मांतराची. दत्तक मूल कोणत्या कुटुंबाला दाखवायचे हे नोंदणीच्या क्रमाने ठरते. धर्म पाहून मुले वाटली जात नाहीत, आणि कोणाही मंडळीला वा देवस्थानाला मूल निवडून घेता येत नाही. आमच्या घरी येणारे मूल आमच्या जेवणाआधीची प्रार्थना ऐकेल, नाताळात आमच्याबरोबर गाईल, जसे वारकऱ्याच्या घरी आलेले मूल हरिपाठ ऐकेल. हे लपवण्यासारखे नाही. पण मिशन कार्याचा भाग म्हणून मूल दत्तक घेणे, मंडळीपुढे उभे करून त्याची कहाणी साक्ष म्हणून सांगणे, देणगीदारांना त्याचे फोटो पाठवणे, हे मला पूर्णपणे अमान्य आहे. त्याचा भूतकाळ ही त्याची ठेव आहे आणि कायदासुद्धा दत्तक मुलाची ओळख उघड करायला मनाई करतो. मूल हे कोणाच्याही सेवेचे फळ म्हणून मिरवायचे नसते, आणि हे मी माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींनाच अधिक कळकळीने सांगते आहे.

सातपुड्यातले ते वसतिगृह 2024 मध्ये पैशाअभावी बंद झाले आणि आम्ही दापोलीला परतलो. म्हणजे मुलापाठोपाठ पाचारणाचीही वाट अडली. मुले आपापल्या पाड्यांवर गेली, काही दुसऱ्या आश्रमशाळांत गेली, आणि माझ्या यजमानांनी बरेच दिवस त्यांची वह्यांची पेटी उघडली नाही. नंतर आंब्याचा हंगाम आला. आपल्याकडे बागा राखायला नेपाळी कुटुंबे येतात हे सर्वांना ठाऊक आहे. मोहोर धरायच्या आधी ती येतात, बागेतल्या खोपटात राहतात, रात्रभर वानरांवर आणि चोरांवर पहारा ठेवतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची मुले हंगामभर शाळेबाहेर असतात. हर्णै बंदरात बोटींवर काम करणारे परप्रांतीय खलाशी आहेत, त्यांचे हात जाळ्याच्या दोरांनी कापलेले असतात आणि जखम चिघळेपर्यंत ते दवाखान्याची पायरी चढत नाहीत. एका बागायतदारांनी आपल्या पडवीत संध्याकाळी शिकवायला जागा दिली. ते स्वतः रोज मारुतीला जाणारे गृहस्थ आहेत आणि मुलांसाठी पाट्या त्यांनीच आणल्या. माझे यजमान तिथे शिकवतात, मी आठवड्यातून एकदा बंदरावर मलमपट्टीची पेटी घेऊन बसते. ज्या कामासाठी आम्ही डोंगर चढून गेलो होतो ते काम आमच्या कुंपणापलीकडे किती वर्षे होते कोण जाणे. सातपुड्याला गेलो नसतो तर परक्या भाषेच्या मुलांना शिकवण्याची हातोटी यजमानांना आली नसती, हेही खरे आहे. यातून देवाचा बेत मला कळला असा दावा मी करणार नाही. ते वसतिगृह बंद पडले याचे दुःख अजून तसेच आहे.

दत्तकाच्या कागदांचे सांगायचे तर गृह अध्ययन अहवालाची मुदत तीन वर्षांची असते, ती संपल्यामुळे आणि पत्ता पुन्हा बदलल्यामुळे सगळे नव्याने करावे लागले. 2022 च्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयाची बेरीज 85 पर्यंत चालते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी 100. एक वर्ष वाट पाहिली की ही बेरीज दोनांनी वाढते. पण आम्ही नियमाने ढकलले जाण्याची वाट पाहिली नाही. लहान बाळासाठी एवढी घरे रांगेत उभी आहेत हे एकदा कळल्यावर, ज्यांच्यासाठी रांग नाही अशा मुलांकडे पाहणे भाग पडले. शाळेच्या वयाची मुले, भावंडे एकत्र असलेली मुले, औषधोपचार लागणारी मुले संस्थांत वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांना पाहायला फारसे कोणी येत नाही. आम्ही चार ते आठ या वयोगटासाठी नाव दिले आहे. माझ्या मुलाने स्वतःच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून ठेवला आहे. तो मुद्दाम खालचा, कारण वरचा त्या मुलाच्या हाताला पोचणार नाही, असा त्याचा हिशेब आहे.

आपल्याला एक विनंती आहे. दर वर्षी नोव्हेंबर महिना दत्तक जनजागृती महिना म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आपल्या जिल्हा पुरवणीत जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे काम, बालकल्याण समितीकडे कसे जावे, नोंदणी कशी करावी, मूल सांभाळणे अशक्य झालेल्या आईला कायदा काय संरक्षण देतो आणि संकटातल्या मुलासाठी 1098 हा क्रमांक आहे, एवढी माहिती सोप्या मराठीत छापावी, आणि मोठ्या वयाची मुले दत्तक घेतलेल्या कुटुंबांना, त्यांची ओळख न देता, लिहिते करावे. परस्पर मूल मिळवून देतो म्हणणारी माणसे ज्या गावांत पोचतात त्या गावांत वृत्तपत्रही पोचते. आणि ज्या वाचकांनी ते पत्र लिहिले त्यांना कळवावे की आंब्याचा हंगाम असेपर्यंत कोणत्याही संध्याकाळी त्यांनी त्या पडवीतल्या वर्गावर यावे; आमचा पत्ता आपल्याकडे आहे, तो त्यांना द्यायला आमची संमती आहे.

आपली विश्वासू,
एक ख्रिस्ती वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)
ता. दापोली, जि. रत्नागिरी